दोरी ताणलेली असेल तरच ऐकू येतं

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सुरुवातीला एक छोटंसं काम. इयरफोन लावून ऐकत असाल तर फोनचा आवाज किती वर आहे तेवढं बघा. कमी करा असं मी अजून म्हणत नाहीये. फक्त बघा आणि लक्षात ठेवा. शेवटी आपण परत तिथेच येणार आहोत.

तर गोष्ट अशी. अकरावीत असताना मी ढोलताशा पथकात गेले. पावसाळा सुरू झाला की रोज संध्याकाळी नदीकाठी सराव. मला ताशा मिळाला. पहिल्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत आम्ही जवळजवळ सहा तास वाजवलं. रात्री घरी आले तर आई काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. आणि कानात एकसारखं किर्रर्र चाललेलं. दुसऱ्या दिवशी पथकातल्या दादाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "होतं गं. दोन दिवसांत उतरतं."

आणि खरंच उतरलं! तिसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं आणि पुन्हा उतरलं. अशी सहा वर्षं.

मागच्या वर्षी मी सहज म्हणून कान तपासून घेतले. बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. शेवटी एक आलेख हातात मिळतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. माझी रेघ छान सरळ चालली होती आणि 4000 हर्ट्झपाशी आली की खाली. खड्डा. मग पुन्हा वर. तपासणाऱ्या ताईंनी कागदाकडे बघूनच विचारलं, "तुम्ही काही वाजवता का?"

मी पेशींच्या जीवशास्त्रात काम करते. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशीच बघते. आणि तरी मला हा प्रश्न आधी कधी पडला नव्हता, की ते दोन दिवसांत 'उतरायचं' म्हणजे नक्की काय व्हायचं? कानात काय मोडत होतं आणि ते जोडत कोण होतं?

आजचा भाग या प्रश्नाबद्दल आहे. उत्तर कानात आहेच. पण तिथे पोचायला आधी एका साध्या पेशीच्या आत डोकवावं लागेल.

पिशवी नाही, मांडव

शाळेत आपण पेशीचं चित्र काढायचो. एक गोल, मध्ये केंद्रक, उरलेल्या जागेत ठिपके ठिपके. त्यामुळे डोक्यात असं बसतं की पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. पण नुसत्या पाण्याच्या पिशवीला आकार टिकवता येत नाही, चालता येत नाही, काही ओढता येत नाही. पेशीला हे सगळं येतं. कारण तिच्या आत प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं असतं. त्याला सायटोस्केलेटन म्हणतात, म्हणजे पेशीचा सांगाडा.

त्यात मुख्य तीन प्रकार. पहिला ॲक्टिन, सगळ्यात बारीक, साधारण 7 नॅनोमीटर जाडीचा. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड धरला, तर त्याच्या रुंदीत ॲक्टिनचे दहा हजारांहून जास्त धागे शेजारी शेजारी मावतील. दुसरा मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पोकळ नळी, 25 नॅनोमीटरची. आणि तिसरा इंटरमिजिएट फिलामेंट, साधारण 10 नॅनोमीटरचा, चिवट. आपल्या त्वचेत आणि नखांत जे केराटिन असतं ते या तिसऱ्या घराण्यातलं.

सांगाडा म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, एकदा बनली की बनली. पेशीचा सांगाडा तसा नसतो. तो गणपतीच्या मांडवासारखा असतो. बांबू आहेत, दोऱ्या आहेत, आणि लागेल तसं बांधता येतं, सोडता येतं. ॲक्टिनचा धागा म्हणजे छोट्या छोट्या मण्यांची माळ. एका टोकाला मणी जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे निखळतात. पेशीला डावीकडे सरकायचं असेल तर डावीकडे नवा मांडव उभा राहतो आणि उजवीकडचा उतरतो. काही मिनिटांत.

आणि या दोऱ्या ओढणारे मजूरही आहेत. त्यांचं नाव मायोसिन. हे प्रोटीन ॲक्टिनच्या दोरीला धरतं आणि खेचतं. ऊर्जा लागते, ती एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. दंडाचा स्नायू आकुंचन पावतो तो याच जोडीमुळे. पण ॲक्टिन आणि मायोसिन फक्त स्नायूत नसतात. त्वचेच्या पेशीत असतात, रक्तवाहिनीच्या पेशीत असतात, जवळजवळ सगळीकडे असतात. म्हणजे आपल्या अंगातल्या पेशी नुसत्या बसलेल्या असतानाही सतत काहीतरी ओढत असतात.

आता प्रश्न असा, की बसल्या जागी ओढत कशाला राहायचं? फुकट दमायचं कशाला?

काड्यापेटीचा फोन

तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी काड्यापेटीचा फोन केलाय? दोन रिकाम्या काड्यापेट्या घ्यायच्या. प्रत्येकीला भोक पाडून त्यातून दोरा ओवायचा आणि आतून काडीचा तुकडा बांधायचा, म्हणजे दोरा निसटत नाही. एकाने पेटीत बोलायचं, दुसऱ्याने पेटी कानाला लावायची. ऐकू येतं! पण एक अट. दोरा ताणलेला पाहिजे. जरा सैल सोडलात की फोन बंद. आम्ही लहान असताना निम्मा वेळ याच्यातच जायचा. "अगं मागे जा, मागे जा, दोरा सैल आहे!"

सैल दोरीवरून निरोप जात नाही. एका टोकाला हिसका दिला तर आधी झोळ निघण्यातच तो हिसका संपतो. ताणलेल्या दोरीला झोळ नसतो. या टोकाला जे होईल ते त्या टोकाला लगेच कळतं.

पेशी आपल्या दोऱ्या ताणून ठेवते ती याचसाठी. बाहेर काय चाललंय ते कळावं म्हणून.

पेशी खरंच ओढतात हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं ते 1980 साली. अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराचा अगदी पातळ पापुद्रा केला आणि त्यावर पेशी सोडल्या. बघतात तर काय, पेशींच्या खाली आणि आजूबाजूला पापुद्र्याला चुण्या पडलेल्या. पलंगावरची चादर मुठीत धरून ओढली की पडतात ना, तशा. कोणी पेशींना ढकललं नव्हतं, ओढलं नव्हतं. त्या स्वतःच पायाखालची चादर खेचत होत्या.

आंबा पिकलाय का हे आपण कसं बघतो? नुसतं बोट टेकवून कळत नाही. थोडं दाबावं लागतं. आपण जोर लावायचा आणि आंबा किती दबतो ते बघायचं. पेशीही तेच करते, फक्त दाबण्याऐवजी ओढून. आपण ओढल्यावर समोरचं सरकत आलं तर ते मऊ. नाही सरकलं आणि आपलीच दोरी ताणली गेली तर ते कडक.

घडी घातलेली चिठ्ठी

ठीक आहे, दोरी ताणली गेली. पण पेशीला ते *कळतं* कसं? तिला मेंदू नाही, बोटं नाहीत. तिला कळते ती एकच भाषा, कोणता रेणू कोणाला चिकटला ही. म्हणजे 'ताण' या गोष्टीचं कुठेतरी 'चिकटणं' या गोष्टीत भाषांतर व्हायला पाहिजे.

ते करणाऱ्या एका प्रोटीनचं नाव आहे टॅलिन. पेशीच्या पटलातून आरपार गेलेला एक खुंटा असतो, त्याला इंटिग्रिन म्हणतात. इंटिग्रिन बाहेरच्या बाजूला आजूबाजूच्या धाग्यांना धरून असतं. आत टॅलिन एका टोकाने इंटिग्रिनला धरतं आणि दुसऱ्या भागाने ॲक्टिनच्या दोरीला. म्हणजे खुंटा आणि दोरी यांच्यामधला दुवा म्हणजे टॅलिन.

टॅलिनच्या लांब दांड्यात 13 गाठोडी असतात, एकापुढे एक, व्यवस्थित घडी घातलेली. आता मायोसिनने दोरी ओढली, बाहेरचा खुंटा हलला नाही, की मधल्या टॅलिनवर ताण येतो. साधारण 5 पिकोन्यूटन ताण आला की सगळ्यात नाजूक गाठोडं उलगडतं. पिकोन्यूटन म्हणजे किती? एक छोटं सफरचंद तळहातावर ठेवलं तर हाताला साधारण 1 न्यूटन जोर जाणवतो. त्याचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे 1 पिकोन्यूटन. इतक्या बारीक ओढीने ती घडी उलगडते.

आणि घडीच्या आत चिठ्ठी असते! म्हणजे अशी जागा, जी घडी बंद असताना झाकलेली असते. तिथे व्हिन्क्युलिन नावाचं प्रोटीन येऊन चिकटतं. 2009 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल शीट्झ यांच्या गटाने टॅलिनचा एकेक रेणू चुंबकाच्या साहाय्याने ताणून हे दाखवलं. ताणला की व्हिन्क्युलिन जास्त चिकटतं.

झालं, भाषांतर झालं. ओढ होती, तिची चिठ्ठी झाली, चिठ्ठी कोणीतरी वाचली. आणि वाचणारा नुसता वाचून जात नाही. व्हिन्क्युलिन स्वतःही ॲक्टिनला धरतं. म्हणजे जिथे ताण जास्त तिथे आपोआप जास्त दोऱ्या बांधल्या जातात. मांडवाच्या ज्या खांबावर वाऱ्याचा जोर येतोय त्यालाच आणखी दोन दोर बांधावेत, तसं. कोणी सुपरवायझर नाही. ओढच सांगते, की इथे बांधा.

याने किती मोठा फरक पडू शकतो ते बघा. 2006 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲडम एंगलर आणि डेनिस डिशर यांनी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी घेतल्या. मूलपेशी म्हणजे ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही अशा. त्या वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलीवर वाढवल्या. जेलीचं रसायन एकच, फक्त कोणती मऊ, कोणती घट्ट. मेंदूइतक्या मऊ जेलीवरच्या पेशींनी चेतापेशींसारखे फाटे फोडले. स्नायूइतक्या घट्ट जेलीवर त्या स्नायूच्या वाटेने गेल्या. त्याहून कडक जेलीवर हाडाच्या. आणि मायोसिनला थांबवणारं औषध घातल्यावर? पेशींना हा फरकच कळेनासा झाला. मजूर ओढायचे थांबले, दोऱ्या सैल पडल्या, फोन बंद.

खुंटा नसेल तर

हे सगळं ऐकायला गंमतीचं वाटतं. पण यातली एक कडी नसली तर काय होतं, तेही सांगायला हवं.

स्नायूच्या पेशीत डिस्ट्रॉफिन नावाचं लांबलचक प्रोटीन असतं. त्याचं काम साधं वाटेल. आतल्या ॲक्टिनला पेशीच्या पटलाशी आणि तिथून बाहेरच्या आधाराशी बांधून ठेवायचं. काही मुलांमध्ये जन्मापासूनच हे प्रोटीन तयार होत नाही. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा तो आजार. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तो मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसतो. बाळ जन्मतं तेव्हा ठीक वाटतं. तीन-चार वर्षांचं झालं की जिना चढताना अडखळतं. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठतं.

त्या मुलाच्या स्नायूत ॲक्टिन आहे, मायोसिन आहे, ओढायची ताकद आहे. पण प्रत्येक वेळी ओढलं की तो जोर पसरून बाहेरच्या आधारावर जात नाही आणि पेशीचं पटलच फाटतं. पेशी दुरुस्ती करत राहते, पुन्हा फाटतं. काही वर्षांनी दुरुस्ती मागे पडते.

हे मी मुद्दाम सांगितलं. एक तर, अशी मुलं तुमच्या ओळखीत, शेजारी असू शकतात आणि 'आळशी आहे, चालत नाही' असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. आणि दुसरं, 'दुरुस्ती मागे पडते' हे वाक्य लक्षात ठेवा. कानात तेच लागणार आहे.

आता कानात

आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत कसा पोचतोय? इयरफोनमधली हवा हलतेय, कानाचा पडदा हलतोय. पडद्यामागची तीन इवलीशी हाडं तो हलकावा पुढे नेतात, शंखासारख्या वळलेल्या कॉक्लियात. त्यात द्रव असतो. द्रवात लाट उठते. आणि तिथे ओळीने उभ्या असतात केसपेशी. एका कानात सुमारे 15,000. बस्स, एवढ्याच. डोळ्यातल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात. कानाचा सगळा कारभार या 15,000 जणींवर.

केसपेशी म्हणतात, पण तिच्या डोक्यावर केस नसतात. बारीक दांडे असतात, स्टिरिओसिलिया, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, एका ओळीपेक्षा मागची ओळ उंच. आणि दांड्याच्या आत काय? आपला ॲक्टिन. शेकडो धागे एकमेकांना घट्ट बांधून केलेली मोळी. म्हणून दांडा वाकत नाही, ताठ राहतो आणि बुडापाशी कलतो.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. प्रत्येक बुटक्या दांड्याच्या टोकापासून शेजारच्या उंच दांड्याच्या अंगापर्यंत एक धागा बांधलेला असतो. टिप लिंक. 1984 साली जेम्स पिकल्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. लाट आली, दांडे उंच बाजूकडे कलले की हा धागा ताणला जातो. त्याच्या खालच्या टोकाला एक दार असतं, ते उघडतं. पोटॅशियमचे आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात. पेशी जागी होते, चेतातंतूला निरोप देते. आपल्याला ऐकू येतं. अगदी हळू आवाजाला ही हालचाल एका नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते.

म्हणजे आपल्या कानात काड्यापेटीचा फोनच बसवलेला आहे. दोरीसकट.

आणि तो दोरा ताणून कोण ठेवतं? मायोसिन! स्नायूतल्या मायोसिनची चुलत भावंडं इथे वरच्या टोकाला बसून धागा खेचून धरतात. पूर्ण शांततेतही. त्यामुळे काही दारं आधीच किंचित उघडी असतात आणि बारीकशा हलकाव्यानेही फरक पडतो. धागा सैल असेल तर हळू आवाज कळणार नाही. फार ताणला तर दारं उघडीच राहतील आणि मग वेगळं काही कळणार नाही. ढोलाची दोरी जशी बेताने ओढतात, ना कमी ना जास्त, तसं हे काम दिवसरात्र चालू असतं.

यातलं एखादं प्रोटीन जन्मतः बिघडलेलं असलं तर काय होतं? टिप लिंक ज्या दोन प्रोटीनांची बनते ती, किंवा मायोसिन 7ए. यांच्यातल्या बिघाडांमुळे अशर सिंड्रोम होऊ शकतो. त्यात मूल ऐकू न येणारं जन्मतं आणि पुढे दृष्टीही जात जाते.

ते दोन दिवस

आता माझ्या ताशाकडे येऊ.

फार मोठा आवाज म्हणजे फार मोठी लाट. दांडे नको तेवढे हेलकावतात. टिप लिंक तुटू शकतात. दांड्याच्या आतल्या ॲक्टिनच्या मोळीला मध्येच तडा जातो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर चमकणाऱ्या दांड्यात मध्येच काळी फट दिसते. बुडापाशी मोळी कमकुवत झाली तर दांडा लुळा पडतो.

पण पेशी हातावर हात ठेवून बसत नाही. 1996 साली एका प्रयोगात कोंबडीच्या पिल्लांच्या कानातल्या पेशींचे टिप लिंक कॅल्शियम काढून घेऊन तोडले गेले. साधारण एका दिवसात धागे परत तयार झाले आणि दारंही परत काम करू लागली.

आणि त्या काळ्या फटींचं काय? 2023 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये याचं उत्तर दिलं. मोठ्या आवाजाने पडलेल्या बहुतेक फटी आठवडाभरात भरून निघत होत्या, नव्याने बनवलेल्या ॲक्टिनने. या दुरुस्तीला एक्सआयआरपी2 नावाचं प्रोटीन लागतं. नाव रुक्ष आहे, काम बघा. त्याचा एक भाग असा आहे, की जिथे ॲक्टिनची दोरी ताणाने जखमी झालीये तिथेच तो जाऊन बसतो. मग तिथे ॲक्टिनचे सुटे मणी जमतात आणि फट भरली जाते.

टॅलिन आठवलं ना? तीच युक्ती. दोरीवर आलेली ओढच दुरुस्तीवाल्याला बोलावते. 'मी इथे तुटतेय' हे दोरी स्वतः सांगते.

तर दादा म्हणाला होता "दोन दिवसांत उतरतं", त्यामागे अशी कामं चालतात. माझ्या कानात गवंडी, सुतार सगळे रात्रपाळीला होते आणि मी मात्र 'बरं झालं, गेलं' म्हणून पुढच्या वर्षीचा ताशा कमरेला बांधला.

पण दुरुस्तीला मर्यादा आहे. आवाज फार मोठा असला, फार वेळ असला, पुन्हा पुन्हा असला, की पेशी मरते. आणि माणसाच्या कानात मेलेल्या केसपेशीच्या जागी नवी येत नाही. पक्ष्यांमध्ये येते! 1980च्या दशकात हे लक्षात आलं. कोंबडीला बहिरं करा, काही आठवड्यांत तिला परत ऐकू यायला लागतं. आपल्याला ती सोय नाही. जन्माला येताना 15,000 घेऊन आलो, त्यातून वजाबाकीच.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. 2009 साली बॉस्टनमध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली. चाचणीत सगळं ठीक! पण आत बघितलं तर केसपेशी आणि चेतातंतू यांचे कितीतरी जोड कायमचे गेले होते. म्हणजे फोन शाबूत, पण तारा कमी झालेल्या. शांत खोलीत फरक कळत नाही. गोंगाटात समोरचा काय बोलतोय हे वेगळं काढताना त्रास होण्यामागे हेही एक कारण असू शकतं असं मानलं जातं.

मला हॉटेलात मित्रमैत्रिणींना हल्ली "काय म्हणालास?" असं दोनदा विचारावं लागतं. मला वाटायचं, तेच पुटपुटतात.

आणि खड्डा नेमका 4000 हर्ट्झलाच का? कारण कानाची नळी स्वतःच 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते, त्यामुळे त्याच्या जरा वरच्या पट्ट्यातल्या पेशींना जास्त मार बसतो. त्या ताई कागद बघून ओळखू शकल्या त्या यामुळे. आवाजाने गेलेल्या कानाची ही सहीच असते म्हणा ना.

तुमचा आवाज

आता सुरुवातीला बघितलेलं आठवा.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे. 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तास चालेल. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याला फक्त 4 तास. 100 डेसिबलला अर्ध्या तासाच्याही आत. मिरवणुकीतल्या ताशांजवळ किंवा डीजेच्या भिंतीसमोर आठवड्याचा कोटा एखादं गाणं-दोन गाण्यांत संपू शकतो. हीच संघटना म्हणते, की नको तेवढ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे जगात 12 ते 35 वयाच्या 100 कोटींहून जास्त लोकांच्या कानांना धोका आहे. त्यात मी आहे. तुम्हीही असाल.

करायचं काय? फार नाही. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवा. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज डेसिबलमध्ये दिसतो, सेटिंगमध्ये जाऊन एकदा शोधा. लोकलमध्ये किंवा बसमध्ये बाहेरचा गोंगाट दाबायला आपण आवाज वाढवतो, तिथे कानात नीट बसणारे किंवा बाहेरचा आवाज कमी करणारे इयरफोन असतील तर वाढवावा लागत नाही. मध्ये मध्ये कान मोकळे सोडा. आणि मिरवणुकीनंतर कानात किर्रर्र झालं तर ते 'होतं' म्हणून सोडू नका. तो त्या 15,000 जणींचा निरोप आहे. पुढचे काही दिवस शांततेत काढा, त्यांना काम करू द्या. दोन-तीन दिवसांत नाहीच गेलं, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट न बघता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा.

मी पथक सोडलेलं नाही, हेही सांगते. यंदाही वाजवणार आहे. फक्त कानात इयरप्लग घालून आणि मध्ये मध्ये ताशा दुसऱ्याच्या हातात देऊन. गेल्या वर्षी पहिल्यांदा इयरप्लग घातले तेव्हा दादा परत हसला होता. "ताशा वाजवणार आणि ऐकणार नाही?" मी त्याला माझा ऑडिओग्राम दाखवला. तो बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे कुठे करून मिळतं?"

या वर्षी सरावाला आमच्या पथकात इयरप्लगचा एक डबा ठेवलाय. ताशाच्या काठ्यांशेजारी. नवीन आलेल्या मुलामुलींना काठ्या देताना तो डबाही पुढे करायचा, एवढंच ठरलंय.

चला, आजच्यापुरतं इथेच थांबते. प्रश्न असतील तर लिहा, पुढच्या भागात घेऊ. आणि ज्याला "काय म्हणालास?" असं सारखं विचारावं लागतं अशा तुमच्या एखाद्या मित्राला हा भाग पाठवा.

हळू आवाजात ऐका. भेटू!